डावा पाय

कात्रजच्या चढावर इंजिन ओरडत राहिलं
आणि गाडी जागची हलेना.
जळक्या पट्ट्याचा वास आला.
हे म्हणाले, "पुढच्या ट्रकचा असेल."
पुढं ट्रक नव्हता.

स्वारगेटच्या गॅरेजवाल्यानं आकडा सांगितला
तो ऐकून कुमुदवन्सं हसल्या.
औंधच्या आयटीआयमध्ये सव्वीस वर्षं
पोरांच्या हाताला फिटरकाम लावून निवृत्त झालेली बाई ती.
"एवढ्यात तर मी ही गाडीच विकत घेईन," म्हणाल्या,
"वहिनी, रविवार मोकळा ठेवा."

रविवार. बिबवेवाडी. सोसायटीच्या भिंतीवर पाटी:
'येथे वाहने धुणे, दुरुस्त करणे
व त्यावर चर्चा करणे यास सक्त मनाई.'
पाटीखालीच आम्ही सतरंजी पसरली.

जॅक लावला, पण भरवसा ठेवला ठोकळ्यांवर.
बॅटरीची तार काढली, केबल सोडली,
गिअरचं तेल श्रीखंडाच्या डब्यात धरलं,
डबा भरला, दुसरा आणायला मी धावले.
बोल्ट ठेवले इडलीपात्राच्या खळग्यांत,
ज्या जागेचे त्या खळग्यात.
एक बोल्ट कुठल्याच पान्याचं ऐकेना.
वन्सं त्याच्याशी बोलल्या.
काय बोलल्या ते लिहीत नाही.

दुपारी एकला प्लेट हातात आली.
खोबरं संपून करवंटी लागावी
तसे रिव्हेट उघडे पडलेले.
"हा दादाचा पाय," वन्सं म्हणाल्या.
"लहानपणी झोपाळ्यावर बसला तरी
एक पाय जमिनीला घासत ठेवायचा.
आम्ही झोका चढवायचो,
तो हळूच उतरवायचा."

मी प्लेट उलटीसुलटी करून पाहिली.
एकोणीस वर्षं या गाडीत मी शेजारी बसलेय
आणि त्यांचा डावा पाय क्लचवरून उतरलेला
कधी पाहिला नाही.
सिग्नलला नाही, सोलापूर रोडवर नाही.
नोकरी सोडायची ठरवली होती, सोडली नाही.
वारज्याच्या फ्लॅटचं टोकन दिलं, परत आणलं.
सगळं अर्धं दाबलेलं, अर्धं सोडलेलं.
गाडी चालत होती,
म्हणून मीही कधी काही बोलले नाही.

नवी प्लेट नाना पेठेतली.
ती मधोमध बसवायला
मॉपचा दांडा, वर चिकटपट्टी गुंडाळून जाड केलेला.
सहा बोल्ट, समोरासमोरचे, थोडे थोडे.
मग गिअरबॉक्स परत वर.
एकदा. दोनदा. दाते दात्यांत जाईनात,
बोटभर फट राहायचीच.
वन्संचे हात थरथरायला लागले,
माझ्या कोपरावरून तेल बगलेत उतरलं.

तेव्हा जिन्यात चपला वाजल्या.
सकाळपासून वर पेपर वाचत बसलेले हे
पायजमा खोचून सतरंजीवर आडवे झाले,
काही न विचारता वजन छातीवर घेतलं.
"डावीकडं," वन्सं म्हणाल्या. "अजून. फिरव. आता ढकल."
खट्.

तिघंही तसेच पडून राहिलो.
गाडीखालून सोसायटी वेगळी दिसते: नुसते पाय.
सेक्रेटरी गोडांब्यांचे पाय पाटीपाशी आले,
वाचल्यासारखे थांबले,
आणि गेले.

संध्याकाळी गंगाधामकडून कोंढव्याचा चढ.
दोनदा बंद पाडली त्यांनी.
पकड आता खाली आली होती,
पाय तिला जुन्या उंचीवर शोधत होता.
तिसऱ्यांदा गाडीनं उचललं.
मागच्या सीटवरून वन्सं म्हणाल्या,
"दादा, पाय."

त्यांनी उचलला.
आणि चढ संपेपर्यंत
तो पाय तसाच अधांतरी,
कुठं ठेवावा
ते न कळून.