वर्तनाचा रकाना

उगव्याच्या शाळेत मी एकतीस वर्षं
वर्तनाचा रकाना भरला.
बहुतेकांना ‘चांगले’.
चांगले लिहायला विचार करावा लागत नाही.

उल्हास गोपू कांबळी, इयत्ता चौथी:
हेडमास्तरांच्या सायकलची घंटी.
चड्डीच्या खिशात ठेवली होती,
प्रार्थनेला हात जोडताना वाजली.
सगळी शाळा हसली, तोही हसला.
मी मात्र लिहिलं, ‘हाताची सवय वाईट. घराण्याचा गुण.’

घराण्याचा, कारण गोपू पोर्तुगीजांच्या काळी
काळोखातून होडी घालायचा तेरेखोलच्या नदीत,
कमरेला घड्याळं बांधून.
ती पलीकडे विकत घेणाऱ्यांची घराणी
चांगलीच राहिली.
एक अलीकडेच विकलं गेलं, स्वस्तात.
माझ्या वडिलांच्या मनगटावर ते होतं,
त्यावर पाहून ते पूजेला बसायचे.

नववीत उल्हास नळीने पेट्रोल ओढायचा
लोकांच्या स्कूटरींतून.
सतराव्या वर्षी स्कूटरच.
मग म्हापशाचं एक दुकान, रात्री, पत्रा कापून.
आधी आग्वाद, नंतर कोलवाळ.
तुरुंगाने जागा बदलली, याने नाही.

त्याच्याबरोबर पेट्रोल ओढणारे आणखी चौघे होते.
एक पंच आहे. एक बोटीवर.
एकाची धारगळला बेकरी,
एक दशावतारात राजा होतो आणि छान होतो.
त्यांचं ते सुटलं,
गालावरचे मुरूम जावेत तसं.
कुणी सोडवलं नाही.
मी चौघांनाही ‘चांगले’ लिहिलं होतं,
यात माझा हात किती
हे मला अजून मोजता येत नाही.

बांबोळीची एक डॉक्टर आली होती एकदा, शिक्षकांच्या शिबिराला.
म्हणाली, रक्तातून काहीतरी येतंच, बाई.
धीर कमी असणं, भीती उशिरा लागणं.
चोरी येत नाही.
मी विचारलं, किती येतं?
अर्धंमुर्धं. पण हा हिशेब
हजार पोरांचा, एकट्याचा नव्हे.
मी वहीत ‘अर्धं’ एवढंच लिहून घेतलं.
चहा आला होता.

आमच्या परसात मानकुरादाची कोय रुजवली होती वडिलांनी.
आठ वर्षांनी फळ आलं, दात आंबवणारं.
अस्सल कोयीचं असं.
मग खोडावर चीर देऊन दुसऱ्या झाडाची काडी बसवली,
सुंभाने बांधली, वर शेण लिंपलं.
कलम.
उल्हासला लागलं ते कलम तीनशे एकोणऐंशी.
आणि मी चौथीतच चालवलं ते,
निळ्या शाईचं.

आता सांगते.
सहावीत मी सातेरीच्या ओटीतला
चांदीचा रुपया उचलला होता.
वडिलांनी पाहिलं. माझ्या मुठीकडे नाही,
तोंडाकडे पाहत म्हणाले,
‘पडिल्लें न्हय गो तें? दवरून यो थंय.’
भटाची लेक. पडलेलंच असणार.
मी ठेवून आले.
पुन्हा उचललं नाही, असं नाही.
पण दर वेळी ते ‘पडलेलं’ असायचं,
आणि ठेवायला जागा असायची.

उल्हासची धाकटी, उर्वी, शिकवणीला येते माझ्या सोप्यावर.
नऊ वर्षांची. बसत नाही, सांडते.
काल निघताना तिची मूठ उघडेना.
दुसरी मुलं पाहू लागली,
आणि त्यांच्या डोळ्यांत मला
माझंच अक्षर दिसलं.

मी म्हटलं, ‘पडिल्लें न्हय गो तें?’

ती बराच वेळ बघत राहिली.
असं तिला कुणी विचारलं नसावं,
किंवा मी खोटं बोलतेय हे तिला कळलं असावं.
मग जाऊन खोडरबर ठेवला.
पेन्सिल ठेवली नाही.

रकाना आता माझ्याकडे नाही.
उद्या तिचा भागाकार आहे.
बघू.