तिसरं प्रूफ

लोणकरबाईंचा चीन माझ्याकडे आठ-आठ पानांनी येतो,
ओलसर, शाईच्या वासाचा.
नारायण पेठेतला आमचा जिना चढून
लहू भांबुरे टेबलावर ठेवतो आणि म्हणतो,
"घ्या. अजून एक राजघराणं मेलं."

मी मेल्याचं शुद्धलेखन तपासतो.

पान छत्तीस. पहिल्या सम्राटानं ठरवलं होतं,
आपण पहिला, मुलगा दुसरा, नातू तिसरा,
असं मोजत जायचं दहा हजारांपर्यंत.
तीनापर्यंतही धड मोजून झालं नाही.
पंधरा वर्षं.
आमच्या बोळातलं ड्रेनेज त्याहून जास्त दिवस चाललंय.

त्याच पानाला तळटीप आहे:
नऊशे वेठबिगार, पावसानं वाट बुडालेली,
मुक्कामाला पोचायला उशीर होणार.
उशिराला शिक्षा मरण.
बंडाला? तीही मरणच.
दोघा मुकादमांनी एवढाच हिशेब केला.
मी समासात लिहिलं, "तळटीप मजकुरात घ्यावी?"
बाईंचं उत्तर आलं, हिरव्या शाईत:
"नको. ती खालूनच आली होती."

छापखान्यात खिळे जेमतेम सोळा पानांचे.
त्यामुळे मिंग जुळवायला आधी सुंग मोडावा लागतो.
लहू चिमट्यानं एकेक अक्षर उचलून खणात टाकतो,
राजवाड्याचा र रस्त्याच्या र मध्ये,
आणि दुपारी त्याच र नं
माधुकरी मागत फिरणाऱ्या एका अनाथ पोराला
राजा करतो.
म्र चा खिळा पार झिजलाय.
"बादशहा चालेल का हो? सम्राट उठतच नाही."
बाई नाही म्हणाल्या.

पीत नदीनं पात्र सोडलं, हे जुळवताना
तो मध्येच थांबून सांगत होता,
पानशेत फुटलं तेव्हा खणच्या खण वाहून गेले,
नंतर कितीतरी महिने पोरं ओंकारेश्वराजवळच्या गाळातून
क, ट, एखादा अर्धा श शोधून आणायची,
मालक अक्षरामागे पैसा द्यायचे.
"ळ कुणाला सापडलाच नाही.
कासारांच्या छापखान्यातून उसना आणला,
तो अजून परत करायचाय."

"घराणे"च्या जागी त्यानं "गाऱ्हाणे" जुळवलंय.
तांग गाऱ्हाण्याचा सुवर्णकाळ.
मी खोडलं.
खोडायला जरा वेळ लागला.

आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तेच:
*दुष्काळ पडला, खजिना रिता होता, गादीवर अजाण पोर होते.*
चौथ्यांदा आलं तेव्हा मी लिहिलं, "पुनरुक्ती."
हिरवी शाई: "माझी नाही."

त्यानंतर लहूनं ती ओळ मोडणंच सोडलं.
सुतळीनं बांधून खिडकीत ठेवली,
लागली की घ्यायची.

मिंगच्या शेवटच्या पहाटे
सम्राटानं स्वतः घंटा वाजवली, मंत्र्यांसाठी.
कोणी आलं नाही.
हे वाचताना खाली बोळात
कुल्फीवाल्याची घंटा वाजत होती
आणि चारपाच घरांची दारं उघडली.
मी स्वल्पविराम दिला आणि पुढे गेलो.

काल शेवटचा फर्मा आला.
तीन वर्षांचंही नसलेलं पोर सिंहासनावर बसवलंय,
थंडी आहे, ढोल वाजतायत,
दरबारी एकामागून एक कपाळ टेकतायत, ते संपतच नाहीये.
पोर रडतंय, घरी जायचं म्हणतंय.
बाप गुडघ्यावर बसून त्याला धरून आहे,
"रडू नको. आत्ता संपेल. लवकरच संपेल."
दरबाऱ्यांनी ते ऐकलं.
इथे एकही चूक नव्हती.
मी पान दोनदा तपासलं.

लहू रॉकेलनं हात पुसत उभा होता.
"झालं ना? आता ती ओळ मोडू?"
खिडकीत सुतळीवर धूळ बसलेली,
अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी.
"असू दे," म्हटलं,
"जागा कुठं फार खाते."