शेततळ्याचं रजिस्टर

चौतीस वर्षं खांबावर चढलो.
आता उतरतो. पन्नीच्या उतारावरून,
कमरेला निळी नायलॉनची दोरी, तिचं टोक लिंबाच्या बुडाला,
एका हातात बॅटरी, एका हातात तेलाचा रिकामा डबा.

रात्री साडेनऊला गोगलगायी वर येतात.
पाण्याच्या रेघेलगत, काळ्या पन्नीवर,
हरभऱ्याच्या डाळीएवढ्या, काही बोराएवढ्या.
खरवडायच्या नाहीत, पन्नी फाटते.
चिमटीत धरायचं, किंचित पीळ द्यायचा
फ्यूज काढतात तसा.
टप्. डब्यात.

रिटायर होताना मीटर रीडिंगचं एक कोरं रजिस्टर घरी आलं.
ग्राहक क्रमांकाच्या रकान्यात तारीख लिहितो.
मागील रीडिंग, चालू रीडिंग, वापर.
चैत्रात एकशे चाळीस. वैशाखात पाचशे सहा.
थकबाकी कुणाच्या नावावर टाकायची, कळत नाही.

मुखेडच्या कृषी केंद्रातला पोरगा म्हणाला,
मोरचूद टाका काका, एका रात्रीत साफ.
आणि मासे?
म्हणाला, मासे मग बघू.

माशांचंही एक आहेच.
सोडले होते रोहू-कटला, मोजून आठशे.
पिशवीतून न बोलावता चिलापी आली असणार,
गाळात ताटाएवढे गोल खड्डे करून बसली.
आता जाळं टाकलं की बोटाबोटाएवढी तीच.
एकेक वाढत नाही,
सगळ्या मिळून वाढतात.

पोशट्टी आला बिलोलीहून, लुनावर,
मागं कॅनमध्ये चौदा मरळ.
बूच न उघडता पाण्याकडं बघत बसला
बिडी संपेपर्यंत.
मग म्हणाला, "तळ्याला खायला कोण घालायलंय?"
कुणी नाही, म्हणालो.
"मग एवढी पिलावळ हवेवर झाली काय?
उरलेलं खाली कुजतं, त्याच्यावर शेवाळ, शेवाळावर गोगलगाय.
मरळ पिल्लं खाईल, दादा.
भाकर नाही खायची."

मरळ सोडल्या. पैसे दिले.
बाकी काही बोललो नाही.

दुपारी चारला, मी उठायच्या आधी,
प्रयाग तळ्यावर जाते.
पदरातली भाकर चुरते, पाण्यावर टाकते,
"या गं, या" म्हणते
आणि पाण्याला उकळी फुटते.
खिडकीतून दिसतं सगळं. मी डोळे मिटून घेतो.

लाइन कधीही जायची. वादळात, लग्नात, पेपरच्या आदल्या रात्री.
मी कधी येईन याचा नेम नाही म्हणून
ती एक भाकर जास्तीची टाकायची, झाकून ठेवायची.
आता तीन वर्षं मी घरातच आहे.
तिचा हात अजून टाकतोच ती एक.

रजिस्टरात शेवटी शेऱ्याचा रकाना असतो.
दार बंद. कुत्रा. मीटर आत. असं लिहायचो.
काल लिहिलं:
गोगलगायी तीनशे बारा. भाकर एक.
डबा जैनुद्दीनच्या बदकांपुढं पालथा केला,
त्यांनी कालवा करून सगळ्या गिळल्या.

आज चुलीपाशी उभा राहून म्हणालो,
एक भाकर कमी टाकत जा.
तिनं परातीतला हात थांबवला.
"का? बाहेर जायलाव का कुठं?"

दोरी खांद्यावरच होती.
नाही, म्हणालो. इथंच.
तळ्यावर.