चौथी बाजू

तीन बाजू कापायच्या. चौथी नाही.
चौथी बाजू म्हणजे बिजागरी,
तिच्यावर हिरवळ दारासारखी उघडते
आणि आतल्या मुळांना कळायच्या आत
दारासारखीच मिटते.

नेरूळ. खाडीच्या अंगाचं पालिकेचं उद्यान. सकाळचे सहा.
माळी बाळाराम फाटकातच उभा:
"खड्डा दिसला ना, तर तुलाच पुरीन त्याच्यात."
बरोबर आहे त्याचं.
मागे केबलवाले येऊन गेले, त्यांचा व्रण
तो अजून येणाऱ्याजाणाऱ्याला बोटानं दाखवतो.

अंगठी भक्ती सामंतांची. पातळ, आतून तारीख कोरलेली.
योगासनांआधी काढून बुटात ठेवली,
मग बूट झटकला. एवढंच.
"सोन्याचं नाही हो काही," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.
त्या जिथे थांबल्या
तिथून मी शोधायला लागलो.

माझा कान तयार आहे.
बावीस वर्षं रबाळ्याला, बिस्किटांच्या पट्ट्याशेजारी,
मशीन एखाद्या टाचणीवर किंचाळलं की पट्टा थांबवायचा.
आता पट्टा थांबलेला असतो,
मी सरकतो.

पहिला आवाज, बाटलीचं बूच. खिशात.
दुसरा, गुटख्याच्या पुडीची चांदी. तीही खिशात.
तिसरा कुंपणापाशी, जिथे भराव पातळ आहे.
खोल. जड. घसा बसल्यासारखा.

गुडघे टेकले. पातं घातलं. तीन बाजू.
जुना टॉवेल अंथरला, माती त्यावर,
गवतावर एक कण नाही.
काळी एका कडेला, मुरूम दुसऱ्या,
कारण शेवटी निघतं ते आधी आत जातं,
हे ट्रक भरणाऱ्या हमालांकडून शिकलो.

मुरमाखाली राखाडी चिखल.
आधी वास आला,
मग बोटांना लागलं बोराएवढं शिसं,
मधोमध भोक.

बाळारामनं ते तळहातावर तोललं.
"पागाचं हाय."
आणि माझ्याकडे न बघता
समोरच्या बावीस मजल्यांकडे बघत राहिला,
जणू तिथून कुणी जाळं फेकणार होतं.
"ठेव तिथंच."

हा मुरूम कुठल्यातरी डोंगराचा.
त्याची चौथी बाजू कुणी राखली नाही,
तिथे कुणी टॉवेल अंथरला नाही.
पण इथे?
इथे पाणी बुजवलं, वर काळी माती पसरली,
लॉन लावलं, पाइपानं भिजवलं,
हात फिरवला.
निवट्यांची बिळं, होडीची वाट, काही दिसत नाही.
मी जे करतो तेच, फक्त मोठ्या मापात,
आणि माझ्यापेक्षा सफाईनं.

हात क्षणभर तिथेच राहिला.

मग शिसं आत. चिखल. मुरूम. काळी.
दार मिटलं. पायानं नाही, तळव्यानं दाबलं,
बाटलीतलं पाणी घातलं,
आडवी पडलेली पाती बोटांनी विंचरली.
एक कुत्रं आलं, हुंगलं,
त्यालाही काही सापडलं नाही.

अंगठी सव्वासातला मिळाली,
बाकाखाली, गवताच्या बुंध्यात, वरच्या वर.
खणावंच लागलं नाही.
सामंतबाईंनी ती घातली, एकदा फिरवली,
तारीख आतल्या बाजूला असते, तरी फिरवली.

पुढच्या रविवारी गेलो तर
बाळाराम कुंपणापाशी वाकलेला.
दोन पावलं इकडे, तीन तिकडे,
चप्पल काढून अनवाणी चाचपतोय.
"कुठं व्हतं रं ते?"

मी पाहिलं. गवत सगळीकडे सारखं.
मशीन घरी होतं.
मलाही सांगता येईना.

तो सरळ झाला. कमरेवर हात.
खड्ड्यात पुरायला निघालेला माणूस
हलक्या आवाजात म्हणाला,
"एवरं पन मिटवाचं नाय."