मूठ, चार बोटं, एक बोट

चव्वेचाळीसची दुपार. अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
वीज गेली, चोवीस माग एकदम बसले,
आणि त्या नव्या शांततेत अंबाजीमामानं विचारलं,
"काय मोजायलास बे तिथं, वर्षभर?"

बर्फ, म्हटलं.

"त्यात काय मोजायचं? पांढरं अन् गार."

मी ढिगातला एक टॉवेल त्याच्या हातात दिला.
त्यानं न बघता अंगठा फिरवला.
"साडेचारशे जीएसएम. बाणा सैल. यल्लप्पाच्या पोरानं काढलाय."

असंच, मामा.
माणूसभर खड्डा खणायचा,
सावलीकडची भिंत सुरीनं तासायची
आणि वरून खाली हात लावत जायचं:
इथे मूठ जाते, इथे चार बोटं,
इथे एकच बोट, इथे फक्त पेन्सिल,
अन् इथे पेन्सिलही नाही.

यंदा सगळे म्हणत होते, मोठा हिवाळा.
पण मोठा म्हणजे कुठे?

पीरपंजालला आमची मोजकाठी दोनदा बुडाली,
तिच्यावर दुसरी बांधली, तीही गेली.
तिथलं बर्फ ओलसर, अंगानं जड,
पत्र्यावर रात्रभर कुरकुरतं,
स्वतःच्याच वजनाखाली दाबून घट्ट होतं.
तळाशी पेन्सिल मोडली माझी.
पडत असतानाच सुटतं ते, नाहीतर दुसऱ्या दिवशी,
मग बहुतेक वेळा विसरून जातं.

लाहौलला वाऱ्याचं राज्य.
कड्याच्या अलीकडे उघडे दगड,
पलीकडे दोन माणसं उभी पुरतील एवढं.
एकच डोंगर, एकच रात्र.
आकडा कुठला लिहू? दोन्ही लिहिले.

आणि नुब्रात मोठा हिवाळा
जानेवारीपर्यंत गुडघ्याला लागला नव्हता.

"मग तिथं सुखच की."

तिथंच नाही, मामा.
थर पातळ, खाली जमीन कोमट,
वर आकाश उणे तीस.
दोघांच्या मध्ये वाफ चढत राहते,
कण कणाला खातो,
आणि महिन्याभरात तळाची साखर होते.
मुठीत घेतली तर गोळा होत नाही,
फाटक्या पोत्यातून सांडावी तशी सांडते.
मग फेब्रुवारीत चार दिवस कोसळलं,
अन् ते सगळं त्या साखरेवर बसलं.

नवांग पुढे होता, मी वीस पावलं मागे.
पायाखालून एक आवाज आला.
मोठा नाही. आत्ता माग बसले ना,
तसा: अख्खा उतार एक श्वास सोडून खाली बसला.
भेग आमच्या डावीकडून धावत गेली
आणि एका दगडापाशी थांबली. का थांबली, माहीत नाही.
नवांगनं मागे वळून पाहिलं नाही.
त्यानं फक्त हात वर केला: तिथंच राहा.
तेवढ्यात माझ्या मिशीवर पुन्हा दव गोठलं.
रात्री नोंदवहीत लिहिलं:
आवाज एक. भेग चाळीस मीटर. हालचाल नाही.

मामा बराच वेळ टॉवेलाची किनार उसवत बसला.
"म्हंजे थोडं पडलं तिथं धोका?"

आधी थोडं, मग खूप. तिथं.

तो काही बोलला असावा,
पण वीज आली होती
आणि चोवीस मागांनी त्याचं वाक्य उचलून नेलं.

तूस उडायला लागलं.
दारापाशी, पंखा ओढतो तिथे, फरशी दिसत होती.
नऊ नंबरच्या मागाखाली सकाळपासूनचं साचलेलं,
भिंतीच्या कोपऱ्यात तर कालचं, परवाचं,
तेलानं मळलेला एक थर मध्येच.
नागमणी झाडू घेऊन आली तेव्हा
मी तिथं उकिडवा बसलो होतो.
"काय हरवलंय?" तिनं खुणेनं विचारलं.

काही नाही, मान हलवली,
आणि हात बाहेर काढला.

मूठ गेली होती, कोपरापर्यंत.