खालून पाहिलेल्या दोन गाड्या

माणसं गाडी वरून बघतात.
मी खालून बघतो. एकतीस वर्षं,
डुलुथच्या या उतारावर, जिथून सरोवर दिसतं म्हणतात,
पण गॅरेजच्या काचेवर ग्रीस इतकं
की आम्हाला ते फक्त ऐकू येतं.

व्हर्ना हॅगलंडनं मंगळवारी सकाळी चंदेरी आणली,
दुपारी निळी.
दोन्ही सेडान, दोन्ही मधल्या मापाच्या,
दोन्ही संध्याकाळपर्यंत परत करायच्या बोलीवर.
शाळेच्या स्वयंपाकघरातून ती जूनमध्ये निवृत्त झाली.
म्हणाली, "ही शेवटची. पंधरा वर्षं चालायला हवी.
रंगाचं मला काही नाही."
(रंगाचं तिला होतं. निळीपाशी उभी असताना
तिनं एकच हातमोजा दोनदा काढला नि घातला.)

आधी चंदेरी घेतली लिफ्टवर.
एकच मालक, बेचाळीस हजार मैल,
ऑइल बदलल्याची प्रत्येक पावती
तारीखवार टाचलेली,
आत अजून नवेपणाचा वास.
आणि खाली?
वरून कीर्तन, आतून तमाशा.
ब्रेकच्या नळ्या फुगलेल्या. चौकटीला बोट लावलं
तर पापुद्राच हातात आला, भाजलेल्या पापडासारखा.
इथं हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, टनांनी.
खाल्ल्या मिठाला जागावं, हे खरं,
पण इथलं लोखंड मीठ खात नाही.
मीठच त्याला खातं,
आणि कुणाला जागत नाही.

निळी जॉर्जियातून आलेली. एक लाख अकरा हजार.
मागच्या दाराला पोचा,
सीटच्या फटीत कुत्र्याचे केस, एक शेंगदाणा.
पण खालून अशी कोरडी, अशी निवांत,
जणू थंडी नावाची गोष्ट
हिच्या कानावरच आलेली नाही.
इंजिनाच्या झाकणापाशी थोडं तेल पाझरत होतं.
एक गॅस्केट. बाकी काही नाही.

तिला लिफ्टखाली बोलावलं.
चष्मा कपाळावर सरकवून
ती मान वर करून बघत राहिली बराच वेळ,
चर्चचं छत बघावं तशी.
"म्हणजे जास्त हिंडली तीच जास्त टिकेल?"
"कुठं हिंडली त्यावर आहे."
"मी तर सगळी इथंच हिंडले," म्हणाली आणि हसली.
मला लगेच हसता आलं नाही.
माझे गुडघेही इथलेच.

मग तिनं विचारलं,
"गाडीचं कळलं. तुझं काय, आर्व्हिड?
तू पंधरा वर्षं आहेस ना इथं?"

तेवढ्यात कॉम्प्रेसर सुरू झाला,
त्याला वेळ बरोबर कळते.
ड्रॉवरमध्ये कागद आहेत. मार्चअखेर
ही जागा टायरवाल्या कंपनीची.
बायकोखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.
हिच्या नवऱ्याचा ट्रक मीच सांभाळला,
आणि तो गेल्यावर, विकायच्या आदल्या दिवशी,
मीच धुऊन दिला,
डॅशबोर्डवरची त्याची पेन्सिल तेवढी काढून ठेवली.
ती अजून त्याच ड्रॉवरमध्ये आहे, कागदांखाली.

कॉम्प्रेसर थांबला.
"मार्चपर्यंत," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. निळीच्या पोच्यावर
अंगठा दाबून पाहिला,
कणीक कितपत मुरली ते बघावं तसा.
मग कोटाच्या बाह्या वर सारल्या.
"तर मग शिकव मला."

बॉनेट उघडलं.
ही पिवळी कडी. ओढ, घाबरू नकोस.
पहिल्यांदा निघते ती पट्टी खोटं बोलते,
तिला वरपर्यंत तेल माखलेलं असतं.
पूस. फडक्यानं, बाहीनं नव्हे.
परत घाल, पार तळापर्यंत.
आता काढ.
आता वाच.