स्तंभ सातवा

शिफारशीचा नमुना पुण्याहून आला.
तीन प्रतींत भरायचा, निळ्या शाईने.
नाव: कचरू लहानू गायखे.
हुद्दा: सुभेदार, नाशिकरोड मध्यवर्ती कारागृह.
सेवा: छत्तीस वर्षे, दोन महिने.
इथवर हात सरसर चालला.
मग स्तंभ सात.
उल्लेखनीय कामगिरी. घटना, दिनांक, वेळ.
दीडशे शब्दांत.

मी विचारलं, सुभेदार, पळताना कुणाला धरलंत?
म्हणाले, माझ्या पाळीत कुणी पळालंच नाही.
दंगल?
नाही बुवा.
एखादा मोबाइल, गांजाची पुडी?
मोबाइल सापडला होता एक.
डॉक्टरांचाच निघाला.
मग लिहू काय?
त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं.
लिहा, गिनती बरोबर.

देवळालीकडे तोफांचा सराव चालला होता.
काचा थरथरल्या,
टाचण्यांची डबी टेबलावर बोटभर सरकली.

मी जुन्या नोंदवह्या काढल्या,
कसर लागलेल्या, रॉकेलचा वास येणाऱ्या.
पानोपानी त्यांचं तिरकं अक्षर:
रात्र शांत. गिनती बरोबर.
रात्र शांत. गिनती बरोबर.

यातली एक रात्र मला ठाऊक आहे.

सोमा भोये, सुरगाण्याचा, द्राक्षबागेतला मजूर.
अपील फेटाळल्याचा कागद
दुपारी मीच त्याला वाचून दाखवला.
तो काही बोलला नाही.
हातातला पंचा पिळत राहिला,
कोरडाच पंचा.
मी ते पाहिलं
आणि पाच वाजता सायकल काढून घरी गेलो.

गायख्यांनीही पाहिलं असावं.
रात्री साडेदहाला लोखंडी स्टूल ओढून
ते त्याच्या गजांशी बसले
आणि विचारू लागले,
सोमा, ऑक्टोबर छाटणीला काडीवर डोळे किती ठेवायचे?
आणि वेल अशक्त असेल तर?
डावणी दिसली तर आधी काय मारायचं?
कात्री तिरकी धरायची की सरळ?
आधी सोमा गप्प.
मग एका शब्दाचं उत्तर.
मग चुकीचं ऐकवेना म्हणून तो उठून बसला,
गजांतून हात काढून
हवेतच काडी छाटून दाखवली.
नोटप्रेसचा पहाटेचा भोंगा झाला
तेव्हा ते दोघं घड फुगवण्यापर्यंत आले होते.

हे मला सोमानेच सांगितलं, सुटताना,
आपल्या कपड्यांच्या पिशवीवर अंगठा उठवताना.
सुभेदाराला काहीच येत नव्हतं हो, म्हणाला,
लहान पोरासारखं सगळं शिकवावं लागलं.
मी मान डोलावली.
पळशाला गायख्यांची स्वतःची दीड एकर बाग आहे,
वडिलांच्या वेळेपासूनची.
हे त्याला सांगितलं नाही.

घटना: घडली नाही.
दिनांक: नोंद आहे.
वेळ: साडेदहा ते पहाट.
माझे दीडशे शब्द असेच काहीतरी झाले.
पुण्याहून शेरा आला, तपशील अपुरा.
सव्वीस जानेवारीला मैदानावर पदकं वाटली गेली.
निफाडला पारा चारवर होता,
आमच्या बोटांना सलामी जमेना.
गायखे शेवटच्या रांगेत उभे राहून
सगळ्यांसाठी मनापासून टाळ्या वाजवत होते.

एकतीस तारखेला त्यांची शेवटची गिनती.
कैदी जोडीजोडीने बसलेले,
ते बोटाने हवा टोचत पुढे सरकत गेले.
एक जास्त भरला.
पुन्हा मोजलं. एक जास्तच.
छत्तीस वर्षांत पहिल्यांदा.
मागमाग्याच्या बराकीतून कुणीतरी हळूच म्हणालं,
सुभेदार, तुम्ही स्वतःला धरलंत.

कुणी हसलं नाही.
त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्यासमोर ठेवला,
पोचपावती मागितली, घडी करून खिशात घातली.
मग दिंडीदरवाजातून वाकून बाहेर पडले.
बिटकोकडे जाणारी रिक्षा त्यांनी थांबवली नाही,
चालतच निघाले,
मधूनच उजव्या खिशाशी हात नेत.

नमुना माझ्या खणात आहे.
तिसऱ्या प्रतीची मागची बाजू कोरी होती,
तिच्यावर हे.
शाई निळीच वापरली आहे.